शिक्षक येथे स्मित करील

मला शांत वर्ग सोसत नाही. नोकरीत असताना दोन हेडमास्तरांनी माझ्याविरुद्ध एकच तक्रार केली, की यांच्या वर्गात फार गोंगाट असतो. त्यांना वाटायचं, मी पोरांना लाडावून ठेवलं आहे. तसं काही नव्हतं. प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत वर्गात जी थोडी शांतता पडते, तिची मला धास्ती होती. ती पडू नये म्हणून मी प्रश्नामागोमाग स्वतःच उत्तर देऊन टाकत असे, नाहीतर टेबलावर डस्टर आपटत असे. पोरं माझी नक्कल करायची आणि चांगली करायची. आता घरी बसून बरीच वर्षं झाली. तरी नातू पाढे म्हणताना मध्येच थांबला की मी पुढचा आकडा ओरडून सांगतो. सून म्हणते, "मामंजी, त्याले आठवू तं द्या."

आठवू देणं मला जमत नाही. त्या शांततेत मला एक माणूस उत्तराची वाट पाहत उभा दिसतो. ते माझे गणिताचे मास्तर.

महाल भागातल्या आमच्या हायस्कुलात मास्तर तीसेक वर्षं मॅट्रिकच्या वर्गाला गणित शिकवत होते. बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल, हातात खडू. कंपास न लावता फळ्यावर हातानं वर्तुळ काढायचे आणि ते वर्तुळच असायचं. भूमितीचं सगळं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं, अक्षरांसकट आणि आकड्यांसकट. "बत्तिसावा," एवढंच ते म्हणायचे, की साऱ्या वर्गानं त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असते तो सिद्धांत, एका सुरात, इंग्रजीतून म्हणायचा. त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. समजलं का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. ते हसलेलं तर कुणीच पाहिलं नव्हतं.

मीही त्यांचाच विद्यार्थी. मॅट्रिकच्या वर्षी मला विषमज्वर झाला आणि दीड महिना अंथरुणात गेला. घरच्यांनी परीक्षेची आशा सोडली होती. मास्तर रोज शाळा सुटल्यावर आमच्या घरी यायचे, ओसरीवर बसायचे आणि मधल्या भिंतीपलीकडून मला सिद्धांत म्हणून दाखवायचे. ताप लागेल म्हणून आई त्यांना आत येऊ देत नसे. मी ग्लानीत पडलेला असे आणि भिंतीतून तो एकसुरी आवाज येत राही. त्या वर्षी मी पास झालो तो त्या आवाजाच्या जिवावर. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना ते विसरायला नको.

पुढे मी बी. ए. झालो, जबलपूरला जाऊन शिक्षकाचं ट्रेनिंग घेतलं आणि त्याच शाळेत मास्तर होऊन परतलो. वय चोवीस. ट्रंकेत कपडे कमी आणि वह्या जास्त. आपल्याला सगळं कळतं, असं त्या वयात ज्यांना वाटतं त्यांतला मी एक होतो, आणि तसं वाटायला कारणही मिळालं. त्याच सुमारास सरकारनं मध्यप्रांतातल्या हायस्कुलांसाठी इंग्रजी आणि गणिताचे नवे अभ्यासक्रम लागू केले. इंग्रजी यापुढे भाषांतर न करता बोलण्यातून शिकवायचं. गणित मराठीतून शिकवायचं आणि त्यात पाठांतराला थारा द्यायचा नाही. पोरानं स्वतः मोजावं, स्वतः शोधावं, चुकावं, पुन्हा विचार करावा. शिक्षकानं फक्त प्रश्न विचारायचे.

शाळेत पहिले काही दिवस नुसती धमाल उडाली. इंग्रजीचे एक मास्तर "आय ॲम ओपनिंग द डोअर" म्हणत दिवसभर दार उघडायचे आणि लावायचे. आठवड्यात त्या दाराची बिजागरी निखळली. मग ते खिडकीकडे वळले. आम्ही शिक्षकांच्या खोलीत पोट धरून हसायचो. मास्तर हसत नसत. एका कोपऱ्यात बसून ते गणिताचं नवं पुस्तक पहिल्या पानापासून पाठ करत होते.

एक दिवस हेडमास्तरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की दिवाळीनंतर इन्स्पेक्टर साहेब येणार आहेत. वरच्या वर्गाच्या प्रत्येक शिक्षकानं नव्या पद्धतीचा एक पाठ त्यांच्यासमोर घ्यायचा. ज्याचा पाठ पसंत पडेल त्याचा वर्ग त्याच्याकडे राहील. ज्याचा पडणार नाही, त्याला सगळ्यांत खालच्या वर्गावर पाठवलं जाईल. तिथे पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायचे, बाकी काही नाही. कुणी मास्तरांकडे पाहिलं नाही, पण सगळ्यांना त्यांचीच आठवण झाली असणार.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर माझ्यापाशी आले. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"तू तिकडून शिकून आला," ते म्हणाले. "मले तो पाठ बसवून दे."

"मास्तर, त्यात बसवण्यासारखं काही नसतं. आपण प्रश्न विचारायचे, पोरं बोलतात, त्यावर आपण पुढे जायचं."

"पोरं काय बोलतीन ते मले कसं माहीत होईन?"

"नाहीच माहीत होणार. तेच तर नवं आहे."

त्यांनी टेबलावरचा खडू उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "हे पाय गा. घरी माझं कोणी नाही. पोरगी कळमेश्वरला, तिच्या संसारात. मले हा एकच वर्ग आहे. खाली पाठवलं तं मी मेलो समज. तू मले लिहून दे, मी पाठ करतो."

असं काही मागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि त्या दिवशी तरी अगदी मनापासून म्हणालो.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला पाठाचं टाचण लिहायला शिकवलं होतं. वहीचं पान उभं दुमडायचं, डावीकडे शिक्षकाचे प्रश्न लिहायचे, उजवीकडे विद्यार्थ्यांची अपेक्षित उत्तरं. मी मास्तरांसाठी त्यांचा लाडका बत्तिसावा सिद्धांतच निवडला. कागदाचे त्रिकोण कापायचे, कोन फाडून एका रेषेवर शेजारी शेजारी मांडायचे, मग कोनमापकानं मोजायचे. पाठाच्या मध्यावर मी एक खास प्रश्न घातला. 'त्रिकोण मोठा केला तर तिन्ही कोनांची बेरीज वाढेल काय?' त्यावर एका विद्यार्थ्यानं चुकायचं आणि म्हणायचं, 'हो, वाढेल.' मग शिक्षक म्हणणार, 'चूक आहे, पण विचार चांगला आहे. पुन्हा विचार कर.' मग जमिनीवर खडूनं मोठा त्रिकोण काढून पोरं मोजणार, आणि तोच विद्यार्थी म्हणणार, 'नाही, तेवढीच राहते.' शिक्षक म्हणणार, 'शाबास, अगदी बरोबर.' इन्स्पेक्टर साहेबांना पोरगं चुकलेलं आणि सावरलेलं दिसलं, की नवी पद्धत रुजली असं वाटणार. चूकसुद्धा आधी ठरवून घ्यायची, ही अक्कल मी पाजळली होती आणि मला तिचा अभिमान होता. त्या प्रश्नाखाली कंसात मी एक ओळ लिहिली होती, 'शिक्षक येथे स्मित करील.'

आमची शाळा म्हणजे भाड्याचं दुमजली घर. वरच्या लांबलचक दालनात बांबूचे तट्टे उभे करून त्याचे तीन वर्ग केलेले. एका वर्गात कुणी खोकलं तर तिन्ही वर्गांना कळायचं. शाळा सुटल्यावर मात्र तिथे कुणी नसे. मागच्या गल्लीतून कोष्ट्यांच्या मागांचा खटखटाट तेवढा येई. तिथे आम्ही महिनाभर तालीम केली.

मास्तरांनी ते टाचण दोन दिवसांत पाठ केलं आणि दोन्ही बाजू पाठ केल्या. स्वतःच्या आवाजात प्रश्न, मग आवाज बारीक करून उत्तर. पहिल्या दिवशी तर ते कंससुद्धा म्हणाले. "शिक्षक येथे स्मित करील," असं अगदी गंभीरपणे म्हणून ते पुढच्या वाक्याकडे गेले.

मला हसू फुटलं. "मास्तर, ते म्हणायचं नाही. करायचं."

"काय करायचं?"

"हसायचं. थोडंसं. पोराला भीती वाटू नये म्हणून."

"करून दाखव."

मी हसून दाखवलं. ते माझ्या तोंडाकडे एखादी आकृती पाहावी तसे पाहत राहिले. मग त्यांनी ओठ ताणले. दातांची एक ओळ दिसली आणि गाल वर गेले, डोळे मात्र जिथल्या तिथे राहिले. मी म्हणालो, छान. ते दुसऱ्या दिवशी आरशात सराव करून आले. तिसऱ्या दिवसापासून ते हसू बरोबर त्या जागी, बरोबर तेवढंच, न चुकता यायला लागलं. मला ते पाहवत नव्हतं, आणि तसं लिहिलेलं तर मीच होतं.

पोरांनाही आम्ही त्यांची त्यांची उत्तरं वाटून दिली. चुकीचं उत्तर मी वर्गातल्या पहिल्या नंबरच्या पोराला दिलं. त्याचं पाठांतर पक्कं होतं, तो विसरणार नाही, असा माझा हिशेब.

इन्स्पेक्शनच्या चार दिवस आधी हेडमास्तरांनी मला एकट्याला बोलावलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मास्तरांचा पाठ काही खरा दिसत नाही. तसं झालं तर मॅट्रिकचा वर्ग तुम्हाला घ्यावा लागेल. तयारीत राहा."

मॅट्रिकचा वर्ग चोविसाव्या वर्षी! घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. गल्लीत दोन ओळखीचे भेटले, त्यांना मी काही सांगितलं नाही, पण हसलो मात्र उगीच. त्या वेळचा तो आनंद मला अजून आठवतो आणि आठवला की तोंड कडू होतं. मास्तरांनाही मी त्यातलं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तालीम संपल्यावर मास्तर फळा पुसता पुसता थांबले.

"तू ते चुकीचं उत्तर त्या हुशार पोराले काहून दिलं?"

"त्याच्या लक्षात राहील म्हणून."

"लक्षात राहीन गा. पण तो बोलणार नाही. तीस वर्षं पोरं पाहून राहिलो मी. हुशार पोराची जीभ साहेबासमोर चुकीच्या उत्तराले रेटत नाही. तो बरोबरच सांगून देईन. मागच्या बाकावरच्या त्या लठ्ठ्याले दे. तो बिनघोर चुकते."

हे त्यांनी इतकं स्पष्ट सांगितलं. त्या चार वाक्यांत पोरांबद्दल जेवढं होतं तेवढं माझ्या ट्रंकेतल्या सगळ्या वह्यांत नव्हतं. मला तिथल्या तिथे पटलं. आणि मी म्हणालो, "आता बदललं तर पोरांचा गोंधळ होईल, मास्तर. राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं शिक्षण नवं आहे," ते म्हणाले. "तू म्हणतं तसं." आणि राहिलेला फळा पुसला.

इन्स्पेक्टर साहेब आले ते मऊ स्वभावाचे, चष्मा लावलेले गृहस्थ होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला मला आजही काही सापडत नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं. ते वर्गाच्या मागे खुर्चीवर बसले, शेजारी हेडमास्तर, त्यांच्या शेजारी मी. माझ्या मांडीवर टाचणाची नक्कल होती.

मास्तरांनी नवा कोट शिवून घेतला होता. पाठ सुरू झाला आणि उत्तम चालला. पोरांनी त्रिकोण कापले, कोन फाडले, रेषेवर जुळवले. साहेब मान डोलवत होते. हेडमास्तरांनी माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. मास्तरांचा आवाज ओसरीवरून यायचा तसाच, अगदी सरळ येत होता. मग तो प्रश्न आला.

"त्रिकोण मोठा केला तर तिन्ही कोनांची बेरीज वाढेल काय?"

हुशार पोरगं उभं राहिलं. त्यानं एकदा मागे वळून साहेबांकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणालं. "तेवढीच राहते."

आणि मास्तर हसले. बरोबर त्या जागी, बरोबर तेवढेच. "चूक आहे, पण विचार चांगला आहे," ते म्हणाले. "पुन्हा विचार कर."

पोरगं पांढरंफटक पडलं. साहेबांनी लिहिता लिहिता पेन्सिल थांबवली. मास्तर मात्र थांबले नाहीत. त्यांनी जमिनीवर खडूनं मोठा त्रिकोण काढला, दोन पोरांकडून मोजून घेतला आणि वळून त्याच पोराला विचारलं, "आता सांग."

ते बिचारं रडकुंडीला आलं होतं. आपलं बरोबर उत्तर चूक ठरलं, म्हणजे दुसरं बरोबर असणार, असं त्याला वाटलं असेल. ते पुटपुटलं, "मग... वाढेल?"

"शाबास," मास्तर म्हणाले. "अगदी बरोबर."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. साहेब उठले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, मुलानं काय उत्तर दिलं, ते सांगता का?"

मास्तर तसेच उभे राहिले. ते उत्तर त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांना जे पाठ होतं तेच त्यांच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी पोराकडे पाहिलं, जमिनीवरच्या त्रिकोणाकडे पाहिलं, आणि मग साऱ्या वर्गावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ते हसू तसंच होतं. ते काढायचं कसं, हे मी टाचणात लिहिलं नव्हतं.

मला एवढंच करायचं होतं, की उभं राहायचं आणि सांगायचं, साहेब, हा पाठ मी लिहून दिला आहे, पोराचं चुकणंही मीच ठरवलं होतं, दोष माझा आहे. तीन वाक्यं. पाठाला दुसरी संधी मिळाली असती, निदान मास्तर तिथे एकटे उभे राहिले नसते. मी मान खाली घातली आणि मांडीवरचा कागद वाचू लागलो. तो किती वेळ वाचला ते माहीत नाही. वर पाहिलं तेव्हा मास्तर फळा पुसत होते.

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, की शिक्षक मुलांची उत्तरं ऐकत नाहीत. ते खरंच होतं. सोमवारपासून मॅट्रिकचा वर्ग माझ्याकडे आला. हेडमास्तरांनी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले, आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन निघून गेले.

खालच्या वर्गाला खाली जागा नव्हती. तो वर आमच्याच दालनात, तट्ट्याच्या पलीकडे भरत असे. त्यामुळे मी मॅट्रिकच्या पोरांना आलेख काढायला शिकवत असायचो आणि पलीकडून औटकीचा, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याचा, घोष यायचा. "एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा." आधी मास्तरांचा आवाज, मागून चिमुकल्यांचा. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो. माझ्या पोरांना वाटायचं, मी विचार करतो आहे.

त्या उरलेल्या वर्षात मास्तर मला एक शब्दही टोचून बोलले नाहीत. जिन्यात भेटले तर बाजूला होऊन मला वाट द्यायचे. तसं त्यांनी करू नये म्हणून मी त्यांच्या आधी किंवा नंतर जिना चढू लागलो.

मग ते सुरू झालं. शाळा सुटल्यावर मी वह्या तपासत थांबलो होतो. सगळे गेले असं मला वाटत होतं. मागांचा खटखटाट चालू होता आणि त्यातून तट्ट्यापलीकडून आवाज आला, "मुलांनो, तुमच्या त्रिकोणाचे तिन्ही कोन फाडा." मी लिहिता हात तसाच धरून बसलो. एकेक प्रश्न येत होता, मग बारीक आवाजातलं उत्तर, मग पुढचा प्रश्न. माझं टाचण, शब्दाला शब्द. आणि मग, "त्रिकोण मोठा केला तर तिन्ही कोनांची बेरीज वाढेल काय?"

यापुढे बारीक आवाज आला नाही. मास्तर थांबले. मी वाट पाहिली. बराच वेळ काही नाही. मग वहाणांचा आवाज, मग जिन्याचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. सगळी उत्तरं ते स्वतः द्यायचे, ते एक सोडून. तिथे आल्यावर थांबायचे, वाट पाहायचे आणि निघून जायचे. सकाळी खालच्या वर्गाच्या जमिनीवर खडूचा मोठा त्रिकोण काढलेला असे. चपराशी कुरकुर करत तो पुसायचा. मी वह्या घरी नेऊन तपासायला लागलो. तरी एक-दोनदा गल्लीतून घरी जाताना ते थांबणं मला ऐकू आल्यासारखं झालं. थांबणं कसं ऐकू येईल, असं कुणी म्हणेल. मला ऐकू आलं. मला भीती वाटायची, हे सरळच सांगतो. एक म्हातारा माणूस रिकाम्या वर्गात प्रश्न विचारतो यात भिण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला बजावायचो, आणि तरी चार वाजत आले की वह्या गोळा करायला लागायचो.

उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीचा शेवटचा दिवस. ऊन असं, की महालातली दुकानं दुपारीच बंद. मला निकालाची कागदपत्रं संपवायची होती म्हणून थांबणं भाग होतं. पलीकडून आवाज सुरू झाला तेव्हा मी कान झाकले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठलो आणि तट्ट्याला वळसा घालून आत गेलो. मास्तर फळ्यापाशी उभे होते, रुमाल काढून ठेवलेला, केस पिकून विरळ झालेले. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. मी पहिल्या बाकावर बसलो. तो लहान पोरांचा बाक होता, माझे गुडघे छातीशी आले.

त्यांनी आधीचे प्रश्न संपवले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "त्रिकोण मोठा केला तर तिन्ही कोनांची बेरीज वाढेल काय?"

मी उभा राहिलो. "हो मास्तर," मी म्हणालो. "वाढेल."

ते हसले नाहीत. त्यांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात झटकले आणि त्यांच्या रोजच्या आवाजात म्हणाले, "तुले माहीत होतं नं गा, ते पोरगं बरोबर उत्तर देईन म्हणून? मी तुले सांगितलं होतं."

हे माझ्या टाचणात नव्हतं. बाहेर एक टांगा गेला, त्याच्या घुंगरांचा आवाज विरेपर्यंत मी बोललो नाही. मास्तर वाट पाहत होते.

"नाही मास्तर," मी म्हणालो. "मला वाटलं नव्हतं."

तेव्हा मास्तर हसले. बरोबर तेवढेच. दातांची ओळ दिसली, गाल वर गेले, डोळे जिथल्या तिथे राहिले.

"चूक आहे," ते म्हणाले, मी लिहून दिलेल्या पुस्तकी मराठीत. "पण विचार चांगला आहे. पुन्हा विचार कर."

मग रुमाल बांधला आणि ते जिना उतरून गेले.

सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा मास्तर आले नाहीत. कळमेश्वरला मुलीकडे गेले होते, तिथेच आषाढात वारले. हेडमास्तरांनी अर्धा दिवस शाळा बंद ठेवली. नव्या अभ्यासक्रमाचा बत्तिसावा मी पुढे तीस वर्षं शिकवला. दर वर्षी तो मधला प्रश्न विचारला, आणि दर वर्षी कुणी तोंड उघडायच्या आत मीच उत्तर देऊन टाकलं. चांगला शिक्षक म्हणून माझं नाव झालं. पोरं पास झाली, की पेढ्यांचे पुडे घेऊन घरी यायची.

पुन्हा विचार मात्र मी तेवढी सगळी वर्षं करत होतो. बाकावरून उठून दिलेलं ते उत्तर चुकीचं होतं. बरोबर उत्तर मला त्या दिवशीही येत होतं आणि त्याच्या आधीही, मास्तर अर्धा पुसलेला फळा तसाच टाकून माझ्याकडे पाहत होते तेव्हाही. हो मास्तर, मला माहीत होतं.